अ‍ॅक्सिडेंटचा वकील, बे एरिया (कॅलिफोर्निया): ४ स्टार

नाव टाकत नाही, विमा कंपनीवरचा दावा अजून चालू आहे म्हणून. पाचवा स्टार फोनसाठी कापलाय, ऑफिसातली बाई "कॉल बॅक करते" म्हणते आणि गायब होते.

पण कागदाच्या बाबतीत माणूस एक नंबर. नवऱ्याच्या गाडीला मागून ठोकलं, मणक्याचं ऑपरेशन, बिल लाखाच्या वर, आणि ठोकणाऱ्या पोराची पॉलिसी सगळ्यात स्वस्तातली, एका माणसामागे १५ हजार डॉलर (कॅलिफोर्नियात २०२५ पासून किमान ३० हजार झालंय, तेव्हा १५च होतं). वकिलाने मुदत घालून पूर्ण १५ हजार मागितले, कंपनीने मुदत घालवली, आणि नंतर चेक आणि जनरल रिलीज (पोरावर आता काहीच देणं नाही असं लिहून द्यायचा कागद) घेऊन हजर. ओळखीतले सगळे म्हणे घ्या आणि मोकळे व्हा.

ह्याने सही करू दिली नाही. म्हणाला वेळेत मिटवलं नाही म्हणून कंपनीवर दावा लावायचा हक्क तुमचा नाहीये, तो त्या पोराचा, कारण गिऱ्हाईक तो. रिलीज दिलं की पोराच्या डोक्यावर देणंच राहत नाही, मग कंपनीने त्याचं नुकसान केलं तरी काय? म्हणून त्याला सोडायचं नाही, फक्त त्याच्या घरा-पगाराला हात लावणार नाही असा वसुली न करण्याचा करार करायचा आणि बदल्यात त्याने तो हक्क आपल्या नावे लिहून द्यायचा.

मला हे जरा चलाखीच वाटलं, तेव्हा त्याने १९६७ ची क्रिस्की केस वाचायला दिली. घरमालकीण बाई, तिच्यावर भाडेकरूंचा दावा, १० हजारांची पॉलिसी, ९ हजारांत मिटत होतं, स्वतःचे अडीच हजार घालायला ती तयार, कंपनी ३ हजारांच्या वर जाईना, आणि ज्युरीने दिले १ लाख १ हजार! बाई कंगाल झाली. शेवटी तिने भाडेकरूंना २२ हजार आणि कंपनीवरचा हाच हक्क लिहून दिला. म्हणजे रीत जुनीच आहे.

पण आपसात बसून आकडा ठरवला तर चालत नाही हं, कंपनी पोराची केस लढत होती ना, मग २००२ च्या हॅमिल्टन निकालाप्रमाणे खरा खटला चालून निकाल लागायला हवा. त्यात वेळ फार गेला आणि इथेच फोन न उचलण्याचा खरा वैताग आला. निकाल मर्यादेच्या कितीतरी वर लागला, मग त्या करारावर सह्या झाल्या. पोराच्या मनस्तापाचे पैसे मात्र त्याचेच, ते लिहून देता येत नाहीत.

फी ४० टक्के, खर्च वेगळा. जड आहे. फ्लोरिडावाल्यांनी तिथलाच वकील बघा, तिकडे १९८५ च्या कोप केसपासून निकालाचे पैसे चुकते व्हायच्या आधी हक्क लिहून घेतला नसेल तर दावाच उभा राहत नाही.