डब्लिनमध्ये पहिला सामना: रग्बी की हर्लिंग?

नव्याने डब्लिनला आलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, एकच सामना बघायचा तर कुठला?"

पेपर-टीव्हीवरचा गाजावाजा बाजूला ठेवू. रग्बी ८० मिनिटांची, पण स्क्रम (दोन्ही संघांचे गडी एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटारेटी करतात तो) पुन्हा पुन्हा लावण्यात बराच वेळ जातो. हर्लिंग म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश मैदानी खेळ; त्याची ७० मिनिटं डोळ्याचं पातं लवू देत नाहीत. लाकडी काठीच्या चपट्या टोकावर चेंडू तोलत पळणारा गडी तोच चेंडू ६० मीटरवरूनही गोलच्या खांबांमधून धाडतो! आडव्या दांडीवरून गेला तर १ गुण, खालून जाळ्यात ३. रग्बीतले बडे खेळाडू पगारी. हर्लिंगवाले हौशी, सोमवारी पुन्हा नोकरीवर. मला तर हेच फार भावतं.

आयर्लंडला इतर देशांशी भिडताना बघायचंय? फेब्रुवारी-मार्चात सिक्स नेशन्सचं, म्हणजे सहा देशांच्या रग्बी स्पर्धेचं, तिकीट काढ. निखळ खेळ हवा असेल, तर उन्हाळ्यात हर्लिंगसाठी क्रोक पार्क मैदान गाठ.