ओखोस नेग्रोसच्या मुरुमावर नऊ महिने

"गाड्या खरंच नसतात का?" स्पेनमधल्या माझ्या सायकलवाटेचे फोटो पाहिलेला प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो. नसतात. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी सारियोनपासून तेरुएलपर्यंत गेले, तर वाटेत भेटले एक काठी टेकत चाललेले आजोबा, त्यांचं कुत्रं आणि ट्रॅक्टर घेऊन आडवा निघालेला एक शेतकरी. एवढंच.

नोकरीमुळे मुक्काम व्हॅलेन्सियात. सप्टेंबर ते मे, दर पंधरवड्याला निदान एकदा मी सायकल घेऊन कच्च्या रस्त्यांवर गेले आहे, बहुतेक वेळा एकटीच. त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर एकाच वाटेवर झालं, ती म्हणजे ओखोस नेग्रोसची 'विया वेर्दे'. विया वेर्दे म्हणजे हिरवी वाट. बंद पडलेले लोहमार्ग चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुले करायचा हा कार्यक्रम स्पेनमध्ये 1993 पासून चालू आहे आणि आता अशा वाटा 3,000 किमीच्या वर गेल्या आहेत. ओखोस नेग्रोसची वाट त्यातली सगळ्यात लांब, सुमारे 160 किमी.

नावाचा अर्थ 'काळे डोळे'. तेरुएल प्रांतात या नावाचं गाव आहे आणि तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. खनिज सागुंतोच्या बंदरावर न्यायचं होतं. त्या बाजूला एक रेल्वे आधीच धावत होती, पण भाड्यावरून बोलणी फिसकटली आणि खाण कंपनीने तिच्या जवळपास शेजारूनच स्वतःची मीटरगेज लाइन टाकली. 1907 साली ती सुरू झाली, 1972 साली बंद पडली आणि खनिज अखेर त्या शेजारच्या लाइनवरच गेलं. हट्टापायी घातलेल्या 200 किमीच्या लाइनीवर आज मी फुकटात सायकल चालवते. मी मूळची बार्शीची, त्यामुळे असल्या गोष्टींत जरा जास्तच रमते. आमच्या बार्शी लाइटचे अडीच फुटी रूळ गेले, पण ब्रॉडगेज होऊन गाडी राहिली. इथे गाडीही गेली आणि रूळही गेले, भराव आणि बोगदे तेवढे राहिले.

याचा सायकलवाल्याला मोठा फायदा म्हणजे चढ. खनिजाच्या गाडीला झेपेल तेवढाच तो असतो, जास्तीत जास्त तीन टक्क्यांच्या आसपास. ऐकायला सोपं वाटतं. पण समुद्राकडच्या बाजूने अल्खीमिया द'आल्फाराहून निघून बाराकासला पोचायचं तर सुमारे 68 किमी चढच चढ आहे, आणि बाराकास जवळपास 1,000 मीटर उंचीवर. चढ दिसत नाही, फक्त जाणवतो. पहिल्या खेपेला मला वाटलं ब्रेक घासतोय. दोनदा उतरून चाक फिरवून पाहिलं. ब्रेक ठीक होता, मांड्या गेल्या होत्या. शहाणे लोक त्या शेजारच्या लाइनवरच्या ट्रेनने वर जातात आणि उतरत येतात. मी तिसऱ्या खेपेपासून शहाणी झाले. मात्र ट्रेनमध्ये सायकलींना जागा मोजक्याच असतात, रविवारी सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

पृष्ठभाग सगळीकडे सारखा नाही. व्हॅलेन्सियाच्या बाजूला काही तुकडे डांबरी आहेत, बाकी दाबून बसवलेला बारीक मुरूम, शेतात नेऊन सोडतो तसला पण जास्त नीट. बाराकासच्या पुढे तेरुएलच्या हद्दीत खडी मोठी होते, काही ठिकाणी सुटी पडलेली. सुरुवातीला मी भाड्याची सायकल वापरली. दुकानदाराने 35 मिमीचे टायर बसवून दिले, "भरपूर झाले" म्हणाला, आणि मागच्या टायरची नक्षी जवळजवळ पुसलेली आहे हे माझ्या लक्षात आलं पन्नासाव्या किलोमीटरला, कुशीवर पडल्यावर. स्वतःची सायकल घेतली तेव्हा 45 मिमीचे टायर टाकले, ट्यूबलेस, हवा थोडी कमी. आता हातांना मुंग्या येत नाहीत. 40 चालतील. त्याखाली जाऊ नका.

ट्यूबलेसच का, त्याचंही सांगते. ऑक्टोबरमध्ये शेताच्या कडेला फोटो काढायला सायकल वाटेखाली घातली आणि पुढच्या चाकातून सूंऽऽ असा आवाज आला. काटा ओढून तळहातावर घेतला आणि हसूच आलं. सराटा! बार्शीत अनवाणी धावताना ज्याने आमच्या टाचा फोडल्या तोच, दोन शिंगांचा. इथे त्याला 'आब्रोखो' म्हणतात, वनस्पती तीच. एका चाकात सात निघाले. टायरच्या आतला पांढरा डिंक बुडबुडे काढत एकेक भोक बुजवत गेला आणि मी अर्ध्या तासात पुढे निघाले. साध्या ट्यूबवर असते तर त्या दिवशी चालतच स्टेशन गाठावं लागलं असतं. उन्हाळा सरता सरता वाट सोडून सायकल कडेला घालायची नाही, उचलून घ्यायची.

दुसरा शत्रू पाऊस. म्हणजे पाऊस नव्हे, त्यानंतरची माती. मुरुमावर काही होत नाही, पण वाट सोडून शेतांतल्या रस्त्याला लागलं की तेरुएलची चिकणमाती चाकाला चढते. दहा-वीस मीटरमध्ये टायर आणि फोर्क यांच्यामधली फट भरते आणि चाक जागच्या जागी थांबतं. मग काडी घेऊन कोरत बसायचं. पावसानंतर दोन दिवस थांबा. थंडी तर विचारू नका. याच प्रांतातल्या कालामोचात डिसेंबर 1963 मध्ये उणे 30 अंश नोंदले गेले होते. मी उणे 6 मध्ये गेले तर बाटलीचं तोंड गोठलं. तेरुएलच्या अलीकडे वाटेवर लागणारी एस्कान्दोनची खिंड 1,200 मीटरच्या वर आहे, तिथला वारा जॅकेटची चेन शोधून आत शिरतो. बाराकासला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात. अंदालुसियात ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो अशी 36 किमीची विया वेर्दे आहे, 30 बोगदे, एक तर जवळजवळ किलोमीटरभर लांब. गंमत म्हणजे या मार्गावर रेल्वे कधी धावलीच नाही, काम अर्धवट राहिलं. झाफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडं घिरट्या घालतात, मान दुखेपर्यंत बघत बसले. ही वाट पहिल्यांदा जाणाऱ्याला डोळे मिटून सांगेन. कास्तियाचा कालवा मात्र मला कंटाळवाणा वाटला. 207 किमी, 1753 ते 1849 असा शंभर वर्षं खणलेला, काठावरून खेचरं होड्या ओढायची तीच वाट. फ्रोमिस्ताची एकाखाली एक चार जलद्वारं बघण्यासारखी आहेत. पण समोरून वारा आणि सपाट रान, दोन दिवस नुसते पॉपलर मोजले.

मेंढपाळांच्या वाटा, 'कान्यादा', यांच्यावर वेगळं लिहायला हवं. मोठ्या कान्यादांची रुंदी ठरलेली आहे, 90 वारा, म्हणजे सुमारे 75 मीटर. (वारा हे जुनं माप, हवेचा नव्हे. त्याचं वर बोलून झालं.) 1995 च्या कायद्याने सायकलला तिथे जायची मुभा आहे, पण अग्रक्रम मेंढ्यांचा, आणि मेंढ्यांबरोबर मास्तीन कुत्रे असतात, वासराएवढे. एकटीने फिरायची भीती वाटत नाही का, असं आईपासून सगळे विचारतात. नऊ महिन्यांत माणसाची वाटली नाही, मास्तीनची दोनदा वाटली. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, पळायचं नाही, हळूहळू कडेने निघायचं. धनगराच्या कळपाशी आपण जसं वागतो तसंच. हिवाळ्यात शिकारीची पाटी दिसली की त्या दिवशी परत फिरायचं.

आता पाणी. माझी खरी तक्रार इथे आहे. नकाशात कारंजं दाखवलेलं असतं, जाऊन पाहावं तर कोरडं, नाहीतर पिण्यायोग्य नसल्याची पाटी. गावात बार असतो. हा आपल्याकडचा बार नव्हे. कॉफी, बटाट्याचं ऑम्लेट घातलेला पाव, गावच्या गप्पा, सगळं तिथेच. व्हॅलेन्सियाच्या बाजूला तर सकाळी दहाच्या सुमाराला 'एस्मोर्सारेत' नावाचा दणदणीत नाश्ता मिळतो, टेबलावर आधी भुईमुगाच्या शेंगा आणि ऑलिव्ह येतात. तेरुएलकडे चढत गेलं की बार विरळ होतात. सप्टेंबरमध्ये मी ज्या बारमध्ये बाटल्या भरल्या होत्या, तो मार्चमध्ये कायमचा बंद झालेला होता.

वाटेवर गाड्या नाहीत, कारण वाटेवरच्या गावांत माणसं नाहीत. तेरुएल प्रांतात चौरस किलोमीटरला दहा माणसंही नाहीत. खाणी गेल्या, 1984 मध्ये सागुंतोची लोखंडाची भट्टी विझली, तरुण शहरांत गेले. इथल्या लोकांनी 1999 मध्ये चळवळ उभारली, तिचं नावच 'तेरुएल आहे'. 'रिकामा स्पेन' म्हटलं की ते दुरुस्ती करतात, रिकामा केलेला. मी शांततेला पाचपैकी पाच देणार होते. तो बंद बार पाहिल्यापासून आकडा घालावासा वाटत नाही.

त्या दिवशी दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या आणि पुढचं गाव 14 किमीवर. बारच्या समोरच्या घरावर वरची खिडकी उघडी दिसली. बेल दाबली, काही नाही. पुन्हा दाबली. शेवटी वरून एक आजी डोकावल्या. मी बाटली दाखवली. त्या खाली आल्या, नळाचं पाणी भरून दिलं, एका पिशवीत चार बदाम घातले. "एकटी?" म्हणाल्या. मी म्हटलं हो. "मीपण," म्हणाल्या. गल्लीत हिवाळ्यात दोनच घरांत दिवा लागतो, ऑगस्टमध्ये मात्र झोपायला जागा नसते, असंही त्यांनी सांगितलं. निघताना दारापर्यंत आल्या आणि बेलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही तीन वर्षं बंद आहे, पोरी. पुढच्या वेळी खालून हाक मार."

एप्रिलमध्ये गेले तेव्हा मारली.