टेनिस बॉल की लेदर: गावच्या पोरांच्या सरावाला काय आणावं?

पऱ्हाटीचा (कापसाचा) वेचा आटोपला की गावोगावी होणाऱ्या क्रिकेट टूर्नामेंट टेनिस बॉलच्याच असतात. म्हणून सरावही त्याच बॉलवर लावायचा का? अर्धाच. कोणता बॉल, हे ड्रिलवर ठरतं.

मूळ फरक वजनाचा. टेनिस बॉल साधारण 58 ग्रॅमचा, मोठ्यांचा लेदर, म्हणजे कातड्याचा क्रिकेट बॉल, 156 ते 163. तेरा वर्षांखालच्यांचा 133 ते 144 ग्रॅमचा असतो, तोच मागून घ्या. जड बॉल दिला की लहान पोरं कोपर वाकवून फेकायला लागतात.

बॅटिंगमध्ये टेनिस बॉल चूक झाकतो. खालच्या हातानं आडवी बॅट फिरवली तरी हलका बॉल मिडविकेटवरून जातो, टाळ्याही पडतात. लेदरवर त्याच फटक्याला कड लागते. म्हणून लेदर बॉल जुन्या मोज्यात घालून निंबाच्या फांदीला टांगा, गुडघ्याच्या जरा खाली. हळू ड्राइव्ह मारायला लावा. बॅट सरळ आली तर बॉल सरळ जाऊन सरळ परत येतो, आडवी आली की गोल फिरतो. पोराला आपली चूक आपोआप दिसते. वीस फटके झाले की पुढचा. दोरी गाठीपाशी झिजते, तिथे रोज बघा.

बॉलिंगचा वेग टेनिस बॉलनं बिघडत नाही. नागपूरजवळच्या खापरखेड्याकडचे वेगवान बॉलर उमेश यादव 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी खेळले, त्याआधी ते टेनिस बॉलवरच टाकत. सीम, म्हणजे बॉलची शिवण, मात्र लेदरशिवाय कळत नाही. तोवर टेनिस बॉलच्या मधोमध इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळा. ती हवेत डगमगली तर मनगट पडतंय.

कॅचिंगची सुरुवात टेनिसवरच करा. हात कडक ठेवले की तो उसळून बाहेर जातो, त्यामुळे हात मागे घ्यायची सवय लागते. मग पाच मीटरवरून खालून टाकलेला लेदर, दहाच कॅच.

काळ्या मातीच्या उघड्या पट्टीवर समोरून लेदर टाकू नका. उन्हाळ्यात भेगा पडतात, भेगेच्या काठावर पडलेला बॉल थेट तोंडावर येतो. तिथे हेल्मेट असलं तरी टेनिसच. मुरमावर मॅटिंग ताणून, चहूबाजूंनी खिळे ठोकून पक्की केलेली असेल आणि हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज, गार्ड असतील, तरच समोरून लेदर.

पैसे थोडे असतील तर डझनभर टेनिस, दोन ज्युनियर लेदर. उरलेल्यात आधी हेल्मेट घ्या, बॅट नंतर.