असिस्टंट एडिटरचा कोर्स म्हणून मला जे विकले गेले

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका खासगी संस्थेत ‘चित्रपट व मालिकांसाठी असिस्टंट एडिटर’ या तीन महिन्यांच्या कोर्ससाठी आईने भिशीतून उचललेले ४५ हजार रुपये मी रोख भरले. मुंबईत नोकरीची हमी तोंडीच होती. पावतीवर ‘शुल्क परत मिळणार नाही’ एवढे ठळक छापले होते, पण कोर्सचे नाव किंवा जीएसटी क्रमांक नव्हता.

तीन महिने आम्ही लग्नाच्या व्हिडिओंना ट्रान्झिशन लावणे आणि गाण्याच्या ठेक्यावर कट मारणे एवढेच शिकलो, तेही क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर.

अंधेरीतील एका स्टुडिओत चाचणीला गेलो, तेव्हा एका दिवसाचे रशेस (चित्रीकरणाचे कच्चे फुटेज) समोर ठेवून ते सिंक करायला, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला सांगितले. कॅमेरा आणि आवाज वेगवेगळे रेकॉर्ड झालेले, टाइमकोड (फ्रेमवर नोंदलेली वेळ) जुळत नसलेला. अशा वेळी क्लॅपची पाटी मिटते ती फ्रेम आणि तिचा आवाज एकत्र आणायचा, सीन-शॉट-टेकनुसार बिन (क्लिपचे फोल्डर) लावायचे, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) तयार करायच्या, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. ‘साउंडला एएएफ देताना हँडल किती ठेवशील?’ या प्रश्नावर मी गप्प राहिलो. एएएफ म्हणजे एडिट केलेला आवाज कटसह साउंड विभागाकडे पाठवण्याची फाइल. कटच्या अलीकडे-पलीकडे काही जादा फ्रेम, म्हणजे हँडल, सोडल्या नाहीत, तर साउंड एडिटरला फेड (आवाज हळूहळू चढवणे-उतरवणे) लांबवायला आवाजच उरत नाही, हे तेथील ज्येष्ठ एडिटरांनी मला शांतपणे समजावले आणि दुपारी परत पाठवले. खरे शिक्षण मला त्या अर्ध्या तासात मिळाले.

परत येऊन पैसे मागितले, तर ‘प्रमाणपत्र दिले, आमचे काम संपले’ असे उत्तर मिळाले.

प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम लेखी मागावा आणि शिक्षकांना आपल्यासमोर एक सीन सिंक करून एएएफ काढायला सांगावे. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नयेत. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मिळते आणि ते बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनी त्याची प्रशिक्षण पुस्तके सरावाच्या फुटेजसह विनामूल्य देते, हे मला आधी ठाऊक असते तर आईची भिशी वाचली असती. पुण्याची एफटीआयआय ही सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थाही अल्प मुदतीचे कोर्स घेते.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. हमी तोंडी असल्यामुळे माझी बाजू लंगडी आहे; म्हणून माझ्या बॅचमधील ज्यांच्याकडे प्रवेशाच्या वेळचे व्हॉट्सअॅप संदेश असतील, त्यांनी ते कृपया पुसू नयेत.