52 पुस्तकांचं चॅलेंज की महिन्याची बैठक?

माझी मावसबहीण बडोद्याहून भरूचला रोज गाडीने नोकरीला जाते आणि जाता-येता मोबाइलवर प्रेमकथा वाचते. परवा तिने विचारलं, "ताई, नव्या वर्षात 52 पुस्तकं वाचायचं चॅलेंज घेऊ, की एकच पुस्तक वाचून त्यावर बोलायच्या तुमच्या महिन्याच्या बैठकीला येऊ?" मी दोन्ही केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिच्यासारख्या आणखीही असतील.

आधी चॅलेंजचा हिशोब. 200 पानांची 52 पुस्तकं म्हणजे रोज 28-29 पानं. जमतं, पण खाडा चालत नाही. आपल्याकडे गणपती, मग गरब्याच्या नऊ रात्री, मग फराळ; ते दिवस कोरडे जातात आणि राहिलेली पानं पुढच्या दिवसांवर चढतात.

तरी चॅलेंजचे माझ्यावर उपकार आहेत. बाळंतपणानंतर माझं वाचन सुटलं होतं. 'दुसरी संधी', 'आधी भांडण, मग प्रेम', 'ऐतिहासिक' असे रकाने असलेल्या एका कागदाने ते परत आणलं. रकाना भरायचा म्हणून पन्नाशीतल्या नायक-नायिकेची कथा उचलली. एरवी मी तिला हातही लावला नसता. आज ती माझी सगळ्यांत आवडती आहे.

मग आला डिसेंबर. चार पुस्तकं उरली होती. मी शोधून पातळ पातळ घेतली, संवाद तेवढे वाचले, वर्णनं सोडली. त्यातल्या एकाही नायिकेचं नाव आज आठवत नाही. प्रेमकथेत हे नुकसान मोठं, कारण शेवटी दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानालाच ठाऊक असतं. ती कशी येतात, त्यासाठी तर आपण वाचतो. घाईत नेमकं तेच हातातून जातं.

बैठकीत तेच हाती लागतं. रहस्यकथेवर बोलायचं तर सगळ्यांचं वाचून व्हायला हवं. प्रेमकथेवर अर्ध्यावरही बोलता येतं. आम्ही सात जणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो. एका कादंबरीत नायक नायिकेला आलेलं पत्र तिला न विचारता फोडतो. मला त्यात त्याची तिच्याबद्दलची काळजी दिसली होती, प्रसंग छानच वाटला होता. एका काकूंनी ते पान काढून मोठ्याने वाचलं. पत्र वाचून झाल्यावर तो पाकीट पुन्हा डिंकाने चिकटवतो, ही अर्धी ओळ मी वाचूनही वाचली नव्हती. "काळजी होती तर चिकटवलं कशाला?" एवढंच त्या म्हणाल्या. दीड तास बोलणं चाललं, चहा दोनदा झाला, आणि त्या नायकाबद्दलचं माझं मत कायमचं बदललं. असं मला एकटीने वाचताना कधी झालेलं नाही.

अडचण प्रतींची. चॅलेंजला हाताशी येईल ते चालतं. बैठकीला एकच पुस्तक सगळ्यांना लागतं. बडोद्यातलं मांडवीचं आपलं मध्यवर्ती ग्रंथालय, सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना आणून उभं केलेलं, तेही एका मराठी कादंबरीच्या सात प्रती कुठून ठेवणार? आम्ही पुण्याहून दोन मागवतो आणि फिरवतो, महाराजांच्या वेळी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या तशा. म्हणून महिन्याला एक पुस्तक हे ऐकायला सोपं. प्रत सातच दिवस हातात असते आणि 300 पानांचं पुस्तक असेल तर रोज चाळीसेक पानं होतात. शिवाय पुस्तक बहुमताने ठरतं, दरवेळी आपल्या आवडीचं निघत नाही.

वाचन सुटलेलीला मी चॅलेंजच सुचवेन, पण 12 पुस्तकांचं आणि रकाने आखून. 52 नको.

मावसबहिणीचं तसं नाही. तिचे आठवड्याला कथेचे दोन भाग गाडीतच वाचून होतात, आणि भरूच आलं की ज्याबद्दल बोलावंसं वाटतं ते तसंच राहून जातं. तिला बैठक. या महिन्याची एक प्रत रविवारपर्यंत माझ्याकडे आहे. संध्याकाळी येऊन घेऊन जा म्हटलंय.