लेबल की स्वतंत्र? केंड्रिक आणि चान्सच्या दोन वाटा

दोघेही अमेरिकन रॅपर: केंड्रिक लमार कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा, चान्स द रॅपर शिकागोचा. दोघांचंही नाव आधी मिक्सटेपमुळे, म्हणजे स्वतःच काढून बहुधा फुकट वाटलेल्या गाण्यांच्या संचामुळे झालं. पुढे वाटा फुटल्या. केंड्रिकने २०१२ मध्ये आफ्टरमॅथ आणि इंटरस्कोप या मोठ्या लेबलांशी (रेकॉर्ड कंपन्यांशी) करार केला, पण टॉप डॉग हे मूळचं छोटं लेबल काही तेव्हा सोडलं नाही. मला ही चाल हुशारीची वाटते: वितरण मोठ्यांचं, माणसं घरची. २०१८ मध्ये तर पुलित्झरही मिळालं.

चान्सने लेबलला नकारच दिला. २०१६ ची त्याची मिक्सटेप विकायला नव्हतीच, फक्त स्ट्रीमिंगवर; तरी २०१७ मध्ये ग्रॅमी! अर्थात ‘स्वतंत्र’ हा शब्द जरा जपूनच वापरावा. पहिले दोन आठवडे ती फक्त अ‍ॅपल म्युझिकवर होती आणि त्याचे ५ लाख डॉलर मिळाले, हे त्यानेच सांगितलंय. गाण्यांची मालकी मात्र त्याचीच.