सत्तावीस इंच आणि एक जास्तीचा अनुस्वार

माझा जुना मॉनिटर साडेएकवीस इंची. बावीस म्हणून विकतात ना, तो. सात वर्षं वापरला, एकदाही दगा दिला नाही. पण यंदा दिवाळी अंकाची तीन कामं एकदम अंगावर आली आणि दिवसभर झूम कर, परत लहान कर, पान सरकव, परत झूम कर, यात उजवं मनगट बोलायला लागलं.

मी ठाण्याला नौपाड्यात घरूनच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडायचं काम, आणि मुद्रितशोधन करते. ए-४ पान २९.७ सेंटिमीटर उंच. माझ्या जुन्या स्क्रीनची उंची पावणेसत्तावीस. म्हणजे पान खऱ्या आकारात कधी पूर्ण दिसलंच नाही, मग वरच्या मेनूची जागा वेगळीच. समोरासमोरची दोन पानं बघायची तर इतकी बारीक करावी लागायची की वाचता यायचं नाही, नुसती मांडणी कळायची. सत्तावीस इंची स्क्रीन जवळपास साठ सेंटिमीटर रुंद आणि साडेतेहतीस उंच असते. दोन ए-४ शेजारी शेजारी, वर मेनू, आणि बाजूला सॉफ्टवेअरच्या पॅनेलला सतरा-अठरा सेंटिमीटर उरतात. घरातल्या शिवणाच्या टेपने भिंतीवर हे सगळं मापून बघितलं. यजमान म्हणाले, आहे तो चालतोय ना? लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, घेतेच आहेस तर बत्तीस घे, डोळ्यांना बरं.

डोळ्यांना बरं! इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसले असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, जायचा विचार होता, पण दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि परतताना तो खोका घेऊन लेडीज डब्यात चढायचं? बायकांनी मलाच खाली उतरवलं असतं. म्हणून ठाण्यातलंच दुकान बघितलं. घटस्थापनेचा आठवडा, दुकानात गर्दी. झाडून सगळ्या मॉनिटरवर समुद्रातले मासे पोहत होते. मासे कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतात. मी पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हटलं, यातली पीडीएफ लावा. पोराने एकदा माझ्याकडे आणि एकदा मालकाकडे बघितलं.

पानावर मी मुद्दाम वेचलेले शब्द होते, बारा पॉइंटात आणि आठ पॉइंटात. ‘शुद्ध’ आणि त्याच्याखाली चुकीचा ‘शुध्द’. ‘त्यांना’ आणि ‘त्याना’. ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’, ‘दुर्व्यवहार’. माझं पोट याच्यावर आहे. द आणि ध यांतलं कोण कोणाला जोडलंय हे मला मान पुढे न घालता दिसायला हवं.

पोराने आधी दाखवला तो सत्तावीस इंची, फुल एचडी, १०,५०० रुपये. अक्षरं मोठी झाली खरी, पण फाटली. ‘द्ध’चा नुसता गोळा. कारण साधं आहे. ठिपके, म्हणजे पिक्सेल, माझ्या जुन्याइतकेच, १९२० बाय १०८०, फक्त जास्त जागेवर पसरलेले. माझ्या साडेएकवीस इंचीत दर इंचाला १०२ ठिपके बसतात, याच्यात ८२. पैसे देऊन मागे जायचं झालं हे. चोवीस इंची फुल एचडी घेतला असता तरी ९२, म्हणजे जुन्यापेक्षा कमीच. रोमन लिपीचं एवढं बिघडत नाही, तिच्या अक्षरांच्या डोक्यावर रफार आणि पोटात जोडाक्षर नसतं.

मग क्यूएचडी, २५६० बाय १४४०. सत्तावीस इंचात तो १०९ ठिपके देतो, जुन्याहून थोडा वरच. ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ हातभर अंतरावरून वेगळे दिसले. तोच क्यूएचडी बत्तीस इंचात घेतला तर परत ९२. लेकीला मी दुकानातूनच फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, तुला हे कोणी शिकवलं? म्हटलं, अनुस्वाराने.

फोर-के बघितला नाही असं नाही. सत्तावीस इंचात १६३ ठिपके, अक्षर कागदावर छापल्यासारखं. नुसतं वाचायचं असेल, मशीन नवं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर तोच घ्या. माझ्या दोन अडचणी होत्या. माझा असेंबल केलेला सीपीयू २०१८चा, त्याच्या एचडीएमआयमधून फोर-के सेकंदाला तीसच वेळा ताजा होतो आणि माउस मागून येतो. दुसरी म्हणजे माझ्याकडे अजून पेजमेकर आहे, पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. हसू नका. २००१मध्ये शेवटची आवृत्ती आली त्याची, पण जुन्या गिऱ्हाइकांच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली त्यातच उघडतात. फोर-केवर विंडोज सगळं दीडपट मोठं करून दाखवतं, आणि असली जुनी सॉफ्टवेअर नुसती ताणली जातात. त्यांची अक्षरं ओल्या शाईसारखी दिसतात.

सौदा करताना पोरगा म्हणाला, काकू, जीएसटी उतरलाय, आत्ताच घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून उतरला हे खरं, पण मोठ्या मॉनिटरवरचा. बत्तीस इंचांपर्यंतच्यांना १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे. मी माझी बिलं स्वतः करते, मला कोणाची ओवाळणी नको. १६,८०० ला ठरला. रिक्षात खोका आडवा बसेना, तो मांडीवर उभा धरून आणला.

पहिले चार दिवस सुखाचे गेले. दोन पानं समोर, उजवीकडे सगळी पॅनेलं, मनगटाला सुट्टी. पाचव्या दिवशी मान धरली.

दुकानात हे कोणी सांगत नाही. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात. लहान स्क्रीनला ते खपून जायचं. आता वरचा मेनू वाचायला हनुवटी वर करावी लागते, दिवसातून शेकडो वेळा. त्यात या मॉनिटरचा स्टँड फक्त मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही. आणि माझं टेबल जेमतेम दीड फूट खोल, अर्धं स्टँडच्या पायानेच खाल्लेलं, त्यामुळे स्क्रीन नाकाला लागायची. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आणि अंतर हातभर, एवढं जमत नसेल तर मोठा मॉनिटर घेऊच नका, हे मी पैसे घालवून शिकले.

उपाय केला तो असा. याच्या मागे चार स्क्रूंची भोकं आहेत, चौकोनात एकमेकांपासून शंभर मिलिमीटरवर, त्यावर भिंतीचा ब्रॅकेट बसतो. तो अगदी खाली लावला, स्क्रीन जवळजवळ टेबलाला टेकेल इतका, आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. यजमान म्हणाले, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची आहे, भिंतीला भोकं कशाला? नौपाड्यात हे वाक्य गेली दहा वर्षं प्रत्येक खिळ्याच्या वेळी ऐकू येतं. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फक्त हातभर अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. ब्रॅकेट आणि चष्मा धरून खर्च वीस हजारांच्या वर गेला. मान सुटली.

आता तक्रार. दहाव्या दिवशी एका इतिहासाच्या लेखाच्या तळटिपेत ‘गांव’ दिसलं. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीच गेले. लेखक जुने, म्हटलं आग्रह असेल त्यांचा. तरी डिलीट करून ‘गाव’ टाइप केलं. परत ‘गांव’. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी पान वर सरकवलं तर अनुस्वार जागचा हलला नाही, खालच्या ओळीतल्या ‘मुळे’वर जाऊन बसला. मेलेला ठिपका! स्क्रीनच्या उजव्या भागात, बरोबर तळटिपेच्या टायपातल्या अनुस्वाराएवढा.

दुकानात फोटो दाखवला. मालक म्हणाले, मॅडम, एका डॉटला कंपनी बदलून देत नाही, दिसतसुद्धा नाही तो. म्हटलं, तुम्हाला दिसत नाही. वाद घालून उपयोग झाला नाही. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच पांढरं कोरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवा, पैसे त्यानंतर द्या. माझ्या हातात पेनड्राइव्ह होता, कोरं पान उघडायचं तेवढं सुचलं नाही.

आता कंपनीशी भांडायची धावपळ अंक छापायला जायच्या आठवड्यात कोण करणार? लेयर्सचं काळपट पॅनेल मी नेमकं त्या जागी ओढून ठेवलंय, ठिपका त्यात बुडून जातो. वर्डची फाइल पूर्ण स्क्रीनभर उघडली की मात्र तो परत वर येतो, आणि माझं बोट अजूनही बॅकस्पेसकडे जातं.